सतरा नंबरचं मागचं दार

टपालकाकांना गावातलं कुठलंही दार विचारा. कडी कुठल्या बाजूला आहे, घंटा खरंच वाजते की नुसती शोभेला लावलीय, आतलं कुत्रं चावतं की उगाच भुंकतं, सगळं डोळे मिटून सांगतील. छत्तीस वर्षं टपाल वाटलं माणसाने. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी रस्त्याने चालताना मान अजून डावी-उजवीकडे वळते आणि बंद दार दिसलं की पाय घुटमळतात. काकू म्हणतात, "अहो, सरळ बघून चाला. लोकांना वाटेल भाड्याने घर शोधताय."

अशा माणसाला एक दिवस वाचनालयाच्या बाईंनी गाठलं. बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण हातात घेतलेलं काम सोडतील तर शपथ. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी पडून होती. रिकामी म्हणजे काय, मोडक्या खुर्च्यांनी गच्च भरलेली. त्यांनी ती झाडून-पुसून लख्ख केली आणि जाहीर केलं की ही गावाची खोली. ज्याच्याकडे गावाचं जुनं जे काही असेल ते त्याने आणून द्यावं. लोकांनी दिलंही. कुणी गिरणीचा भोंगा दिला, कुणी पुलाचे फोटो दिले, शाळेच्या हेडमास्तरांनी स्वतःचेच सात फोटो दिले. हेडमास्तर निवृत्त झालेले, पण वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष, त्यामुळे सातही भिंतीवर लागले.

फक्त खालच्या आळीचं काही मिळेना.

"काका, सव्वीस घरं होती म्हणतात तिथे," बाई म्हणाल्या. "पण एक धड फोटो नाही हो. आहे तो रस्त्याच्या उद्घाटनाचा. त्यात नुसतं डांबर आणि टाळ्या वाजवणारी माणसं."

"सव्वीसच," काका म्हणाले. "एका ओळीत. समोर गिरणीची लांबच लांब भिंत. एक नंबरला निळं दार, पायरी फुटलेली. दोन नंबरला पत्राची पेटी, पण तिच्यात चिमण्यांचं घरटं, म्हणून पत्र खिडकीतून टाकायचं. तीन नंबरला..."

आणि गडी सुटला तो थेट सव्विसाव्या दारापर्यंत. बाईंचा चहा गार झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, हे मला करून द्या. पुठ्ठ्याचं, लाकडाचं, कशाचंही. पण ही आळी मला उभी करून द्या."

काका हो म्हणाले खरे, पण घरी हे सांगायचं कसं, हे त्यांना कळेना. कारण खालची आळी हा त्यांच्या घरातला न बोलण्याचा विषय होता.

त्याचं असं झालं होतं. खालच्या आळीतलं सतरा नंबर हे काकूंचं माहेर. काकांनी काकूंना पहिल्यांदा पाहिलं ते त्याच दारात, हातात पाकीट देताना. पुढे सतरा नंबरला जरा जास्तच पत्रं येऊ लागली असं लोक म्हणायचे. ते खोटं. पत्रं तेवढीच येत होती, काकाच "हा पत्ता तुमचाच का हो?" असं विचारायला थांबायचे. लग्न झालं, वर्षभरात लेक झाली, आणि लेक तीन महिन्यांची असताना नगरपालिकेने रस्ता रुंद करायचा ठरवला. सव्वीसच्या सव्वीस घरं पाडायची. नोटिसा निघाल्या त्या रजिस्टर टपालाने, हातात देऊन सही घ्यायची. आणि त्या भागाचं टपाल कुणाकडे? आपल्या काकांकडे.

भर उन्हात ते निघाले. एक नंबरने सही केली, दोन नंबरने केली. तीनपासून सोळापर्यंत मात्र एकही दार उघडलं नाही. कड्या वाजवून वाजवून हात दुखले. सतरा नंबरला पोचले तर सासूबाई दारात उभ्याच. ओले हात पुसत त्यांनी विचारलं, "जावईबापू, सही कुठे करायची?" काकांनी बोट दाखवलं, सासूबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "पाणी देऊ?" काका नको म्हणाले आणि निघाले. त्यापुढचीही सगळी दारं बंदच होती. ती उरलेली घरं पुरी करायला त्यांना आणखी चार दिवस खेटे घालावे लागले.

पाच महिन्यांनी घरं पडली. सासूबाई भाड्याच्या दोन खोल्यांत गेल्या आणि तिथे सहा आठवडेही काढले नाहीत. काकू तेव्हा एकच वाक्य बोलल्या, "तुम्हीच आणायची होती का ती?" बस्स. त्यानंतर पस्तीस वर्षांत खालच्या आळीचा 'ख' त्यांच्या तोंडून निघाला नाही. बाजारात जायला तो मोठा रस्ता सोयीचा, सरळ, रुंद. पण काकू कधी त्यावर पाऊल टाकत नसत. पाण्याच्या टाकीला वळसा घालून जायच्या, पिशव्या जड असल्या तरी.

काकांना मनातून पक्कं वाटायचं की त्या दिवशी आपण सासूबाईंना बेसावध गाठलं. शेजारच्यांचं नशीब, ते घरात नव्हते. या बिचाऱ्या नेमक्या दारात सापडल्या आणि तेही जावयाच्या हाती. तेव्हा हे आळीचं काम हातात घेताना त्यांच्या मनात गावाचा इतिहास वगैरे फारसा नव्हता, हे आपण स्पष्टच बोलू. त्यांना एवढंच हवं होतं की काकूंनी ते बघावं आणि म्हणावं, हो, असंच होतं.

आठ महिने जेवणाचं टेबल काकांच्या ताब्यात गेलं. त्यावर फळी, फळीवर बुटांचे खोके, डिंक, ब्लेड, रंगाच्या बाटल्या. काकू मांडीवर ताट घेऊन जेवायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायच्या. "म्हातारपणी बाहुलीघर करतायत. लेकीला लहानपणी मागून मागून मिळालं नाही, ते आता गावाला मिळतंय." बोलायच्या सगळं, पण फळीकडे नजर म्हणून वळवायच्या नाहीत. मीठ हवं असलं तरी फळीच्या पलीकडून हात लांबवून, तोंड खिडकीकडे करून घ्यायच्या.

काकांनी मात्र जीव ओतला. दोन नंबरच्या पेटीत कापसाचं घरटं केलं. अकरा नंबरचं दार जमिनीला घासायचं, म्हणून खाली अर्धवर्तुळाचा ओरखडा काढला. सगळी दारं बंद ठेवली, फक्त सतरा नंबरचं उघडं. आणि त्या उघड्या दारासमोर तारेची सायकल आणि खाकी कागदाचा एक बोटभर टपालवाला उभा केला. घरांच्या मागे फळी वीतभर उरत होती. तिथे पूर्वी कालव्याकडे उतरती जमीन होती एवढं त्यांना आठवत होतं, म्हणून त्यांनी सरळ हिरवा रंग फासला आणि विषय संपवला.

खोलीच्या उद्घाटनाचा रविवार उजाडला. सकाळी काकांनी शर्ट दोनदा बदलला. "येतेस ना?" त्यांनी दाराशी उभं राहून विचारलं.

"डोकं ठणकतंय माझं. तुम्ही जा," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. डोकं ठणकणारी बाई इतकी भराभरा भाजी निवडत नाही हे काकांना कळत होतं. पण बोलून काय उपयोग? निमूटपणे गेले.

वाचनालयाचा जिना माणसांनी भरला होता. बाईंनी आळीचं टेबल खोलीच्या मधोमध मांडलं होतं, सगळ्या बाजूंनी बघता यावं म्हणून. हेडमास्तरांचं भाषण झालं. ते गावाबद्दल होतं असं म्हणतात. मग लोक टेबलाभोवती जमले आणि एकच गलका उडाला. "अरे, हे आपलं!" "ही बघ ती पायरी, इथे पडून माझा दात गेला होता!" एक म्हातारे गृहस्थ नऊ नंबरच्या दारावर बोट ठेवून नुसते उभे राहिले. काकांची छाती फुगली. बाईंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी खिशातून कागद काढला आणि मग चष्म्यासाठी दुसऱ्या खिशात हात घातला. चष्मा घरीच राहिला होता.

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून इस्त्रीवाल्या मावशींचा आवाज आला. मावशी म्हणजे पूर्वीच्या तीन नंबरच्या. सत्तरी उलटली तरी आवाज असा की खालच्या मजल्यावर वाचणाऱ्यांनी माना वर कराव्यात. त्या चालत चालत फळीच्या मागच्या बाजूला गेल्या होत्या.

"अगं बाई! मागे काहीच नाही की हो! घरांना पाठच नाही!"

सगळे मागच्या बाजूला धावले. खरंच नव्हती. सव्वीस घरं, पुढून एकेका खिळ्यासकट आणि मागून नुसते कोरे पुठ्ठे. एका खोक्यावर तर बुटांचा नंबरही तसाच होता, आठ. आधी एक जण हसला, मग खोली हसली. वाईट कुणाच्या मनात नव्हतं हो, पण हसणं ते हसणंच.

काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आठ महिन्यांत एकदाही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "अहो, माझं काम दारापर्यंत," ते म्हणाले. "दाराच्या मागे मी कधी गेलो नाही. टपालवाल्याला घरात कोण घेतं?"

"आणि सासरी?" कुणीतरी विचारलं.

"सासरीसुद्धा पुढच्या खोलीतच बसलो. जावई होतो ना मी."

यावर तर जास्तच हशा पिकला. हेडमास्तर पुढे झाले. माणूस मुळात वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट निस्तरायची सवय. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "टेबल भिंतीला लावून टाकू. मागचं कुणाला दिसणारच नाही. धरा रे चौघांनी."

चौघांनी टेबल धरलं. काका बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, बरं झालं ती आली नाही.

"थांबा! भिंतीला लावू नका ते."

दारात काकू उभ्या होत्या. जिना चढून धाप लागलेली आणि हातात चष्म्याची डबी.

"चष्मा विसरलात," त्या काकांना म्हणाल्या. "कागद कसा वाचणार होतात, नाकाने?" पण त्यांचं लक्ष काकांकडे नव्हतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या आळीकडे बघत होत्या. आणि बघत होत्या त्या मागच्या बाजूने, कारण टेबल अर्धवट फिरलं होतं आणि दारातून तेवढंच दिसत होतं.

"आलीस का गं सतरा!" इस्त्रीवाल्या मावशी ओरडल्या. "बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप. आपला अख्खा संसार गायब केलाय. नुसतं गवत पिकवलंय!"

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या. "बाई, खडू आहे का हो?"

बाईंनी खडू दिला. काकूंनी पदर खोचला आणि त्या हिरव्या पट्टीवर थेट सतरा नंबरच्या मागे एक चौकोन काढला. "हे आमचं अंगण. इथे धुण्याचा दगड. इथे चूल, उन्हाळ्यातली."

"भिंती काढ ना," मावशी म्हणाल्या. "कमरेएवढ्या."

"काढते. घाई काय आहे? आणि प्रत्येक भिंतीला या टोकाशी एक दगड. त्यावर पाय द्यायचा की पलीकडे." काकूंनी भराभरा रेघा मारल्या. एकामागून एक सव्वीस अंगणं झाली. "पुढच्या रस्त्यावर पाऊल न टाकता आम्ही एक नंबरहून सव्वीस नंबरला जायचो. साखरेची वाटी घेऊन, तान्ही पोरं घेऊन. बाळंतीण कुठे अडली की सुईण मागूनच यायची. ही खरी आळी होती. पुढची ती पुरुषांची आणि टपालवाल्याची."

आता खोलीतल्या साऱ्या म्हाताऱ्या पुढे सरसावल्या. कुणी म्हणाली आमचं तळहाताएवढं अंगण एवढं मोठं काय काढलंस, कुणी म्हणाली आमच्या भिंतीचा दगड हलायचा ते लिही. बाई वही काढून लिहीत सुटल्या. हेडमास्तरांना कुणीतरी खडूचा डबा धरायला लावला आणि त्यांनी तो धरला.

काका टेबलाच्या पुढच्या बाजूला एकटेच उरले. घरांच्या छपरांवरून त्यांना पलीकडे बायकांच्या वाकलेल्या मानांची ओळ दिसत होती. छत्तीस वर्षं पालथं घातलेलं गाव आपल्याला निम्मंच ठाऊक होतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. एवढ्या वर्षांत आपण बायकोला एकदाही विचारलं नाही, तुझ्या घराच्या मागे काय होतं गं?

मावशींनी त्यांना हाक मारली. "अहो टपाल, इकडे या. तुम्हाला एक गंमत सांगते. तुम्ही एक नंबरला घंटी वाजवली की आमच्याकडे मागून निरोप निघायचा. तुम्ही तिसऱ्या दारात असाल तेव्हा सव्विसाव्या घराला कळलेलं असायचं की टपाल आलंय. ही सतरा त्याशिवाय का दर वेळी केस विंचरून दारात उभी असायची?"

"मावशी, गप्प बसा हो," काकू म्हणाल्या आणि या वयात लाजल्या.

काका हसले आणि हसता हसता थांबले. "म्हणजे... नोटिसांच्या दिवशीही?"

मावशींनीच उत्तर दिलं, हळू आवाजात. "एक नंबरने सही केली, वाचलं आणि भिंतीवरून ओरडून सांगितलं. दोन नंबरची म्हातारी, तिला कुठे पळता येणार? पण बाकीच्या आम्ही मागून कालव्यावर गेलो. सही नाही तर नोटीस नाही, असं वाटायचं आम्हाला. वेड्याच होतो."

"सासूबाईंनाही कळलं होतं?" काकांनी काकूंना विचारलं.

काकूंनी हातातला खडू खाली ठेवला.

"मी त्या दिवशी तिथेच होते. लेकीला घेऊन गेले होते आईकडे. तुम्हाला माहीत नाही. मागच्या दारात उभी होते मी, पोरगी खांद्यावर. सोळा नंबरची भिंतीवरून ओरडून गेली, पळा म्हणून. मी आईला म्हटलं, चल. सगळ्या गेल्या, तूही चल. ती भांडी घासत होती. म्हणाली, 'तू जा हवं तर. मी गेले तर त्याला उद्या या उन्हात परत यावं लागेल.' आणि हात पुसत पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. तुमची वाट बघत."

काकांना खुर्चीचा हात धरावासा वाटला, पण जवळ खुर्ची नव्हती.

"मला तुमचा राग नव्हता हो," काकू म्हणाल्या. "तिचा होता. सगळं गाव पळालं आणि ही बया जावयासाठी दार उघडून उभी. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. आणि नाही सांगितलं तरी घेतलंतच. बघत होते ना मी आठ महिने."

"तू तर बघतही नव्हतीस," काका म्हणाले.

"मीठ घेताना बघायचे."

मग काकूंनी बाईंकडे हात पसरला आणि ब्लेड मागून घेतलं. ते काकांच्या हातात दिलं आणि सतरा नंबरच्या कोऱ्या पाठीवर नखाने एक छोटी खूण केली. "इथे दार पाडा. जरा डावीकडे. हां. खालपर्यंत."

काकांनी चष्मा लावला. पुठ्ठा सरळ कापला गेला. एवढंसं दार आतल्या बाजूला वळवून त्यांनी उघडं केलं आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे वाकून त्याला डोळा लावला.

खोक्यातून आरपार दिसत होतं. मागचं दार, मधला अंधार, आणि समोर पुढचं उघडं दार. त्या दारात सायकलला टेकून, डोक्यावर खिडकीतलं ऊन घेऊन, खाकी कागदाचा टपालवाला उभा होता. केवढासा होता तो. हातातल्या थैलीने वाकलेला.

"दिसला?" काकू त्यांच्याजवळ वाकून म्हणाल्या. "अगदी असेच दिसत होतात. घामाघूम. पाणीसुद्धा घेतलं नाहीत तिच्या हातचं."

काका वाकलेलेच राहिले. त्यांची कंबर धरली असावी असं वाटून हेडमास्तरांनी खडूचा डबा खाली ठेवला आणि खुर्ची आणायला धावले.